कपाटावरचा अँटेना

रविवार, ता. ११

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझ्या आईची पाठ अधूनमधून कुरकुरते, मी रोज कुरकुरतो. तुझं लोखंडी कपाट अजून का पाठवलं नाही, असं तू तिला तिसऱ्यांदा विचारलंस म्हणे. टेम्पोवाला मिळत नाही, हे मीच तिला सांगायला लावलं होतं. टेम्पोवाला समोरच राहतो.

खरं कारण माझा वायरलेस. गुडघ्यांनी गच्ची बंद केली, म्हणून सेट खाली आणून तुझ्या टेबलावर ठेवला. दुकानदाराने घरात चालणारे तीन अँटेना पारखायला दिले. सेटवरच बसणाऱ्या आखूड अँटेनाला शेजारच्या मिक्सरपलीकडे काही ऐकू येईना. दुसरा वायरीचा. तो पडद्याच्या दांडीला टांगला, तर तुझ्या आईने त्यावर रुमाल वाळत घातले. तिसऱ्याच्या बुडाला चुंबक आहे, त्याला खाली लोखंडी पत्रा लागतो. म्हणून तो तुझ्या कपाटावर ठेवला आणि फेरीबोटींचं सगळं बोलणं स्वच्छ ऐकू यायला लागलं.

सव्वापाचला तुझा आवाज आला. "पलीकडचा धक्का सोडला. प्रवासी एकेचाळीस." एवढंच. तेव्हापासून मी रोज सव्वापाचला तिथे बसतो. तुझी आई चहा ठेवून जाते म्हणते आणि दारातच उभी राहते. गेल्या मंगळवारी दाट धुक्यातून तू बोट आणलीस, तेव्हा आमचा चहा निवून गेला. तुझा आवाज जराही हलला नाही.

आणि बोट चालवणं तुला झेपणार नाही, असं मी म्हणालो होतो. तू तोंड उघडलंस की मी आवाज चढवत होतो. तीस वर्षं वायरलेसवर बसलो, नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचो, की बोलायचं बटण दाबून धरलं तर समोरच्याचं ऐकू येत नाही. तू घर सोडलंस त्या दिवशी मी ते दाबूनच धरलं होतं. चुकलं माझं. दोन वर्षं झाली, पोरी, तुझी फार आठवण येते.

कपाट शनिवारी निघेल. चुंबकवाला दुकानात परत जाईल, वायरीचा ठेवून घेतो. त्यावर तुझं बोलणं तुटक येतं, पण येतं. रुमालांची सोय दुसरीकडे होईल.

शनिवारी तुला सुट्टी असते, असं आई सांगत होती. कपाट न्यायला तूच आलीस तर बरं होईल. मी मध्ये बोलणार नाही. तू बोल, मी बटण सोडून बसलो आहे.

तुझा,
बाबा