टबातली चेन

अरे, तुझ्या माउंटन बाइकची चेन पिल्लूच्या आंघोळीच्या टबात रॉकेलमध्ये भिजत पडली होती. अर्धवट झोपेत मी वरून कोमट पाणी ओतलं आणि पिल्लूला आत बसवणार, तेवढ्यात वास आला.

तिला पुढे बसवून फिरवायचं म्हणून त्या गंजक्या सांगाड्याला नवे गिअर, नवे ब्रेक लावत बसतोस, हे कळतं मला. पण तिचं अंग आहे ते, लोखंड नाही.

टब घासून परत ठेवू नकोस. त्यात मी तिला पुन्हा बसवणार नाही. आम्ही आंघोळीला ताईकडे गेलोय. नवा टब घेऊन तिकडेच ये, आणि नखांतलं ग्रीस काढून ये. तू दिसलास की ती झेपावते, मला आवरत नाही.