दिवस मावळल्यावरचं पाणी

मंगळवार, सांगली

आईच्या छातीतली गाठ कॅन्सरची आहे, हे मागच्या आठवड्यात कळलं. ती आणखी कुठं पसरलीय का, ते बघायला आज पेट स्कॅन झाला. आई सकाळपासून उपाशी. स्कॅनआधी टोचायचं किरणोत्सारी औषध पुण्याहून येतं, आणि नेमकी ती गाडी खंबाटकी घाटात अडकली. स्कॅन उरकेपर्यंत दिवस मावळला.

टेक्निशियन म्हणाला, "औषध अंगातून निघून जायला हवं. भरपूर पाणी पाजा." बोलताना तो माझ्याकडं बघत नव्हता. का? काखेतही पसरलेलं दिसलं असेल का?

आणि पाणी कसं पाजू? आम्ही जैन. दिवस मावळल्यावर आई पाण्याचा थेंब घेत नाही. तापानं फणफणली होती तेव्हाही घेतला नव्हता.

तरी बाटली पुढं केली. समजूत कशी घालायची, तेच मनात जुळवत होते.

"डॉक्टरनी सांगितलंय न्हवं?" एवढंच म्हणून आईनं बाटली घेतली आणि सगळी संपवली.

मला हायसं वाटायला हवं होतं. पण आठवडाभर ती "काय हुत न्हाई गं मला" म्हणत होती, आणि तिला भीती वाटत नाही असं मी ती बाटली संपेपर्यंत धरून चालले होते.