घळीतला आवाज

पामर्स्टन नॉर्थ
रविवार, २९ एप्रिल २०१८

प्रिय दीप्तीवहिनी,

तुला नमस्कार आणि तुझ्या आईला वाकून नमस्कार. ईशाला काय पाठवावं ते कळत नाही. पापा घेऊ देण्याचं तिचं वय गेलं असेल. परवाच्या फोटोत तुझ्या खांद्याला लागलेली दिसली. भुवया अगदी दादाच्या.

इकडे थंडी सुरू झालीय. सकाळी गाडीच्या काचेवर दहिवर असतं. अंगणातल्या फिजोआच्या झाडाखाली फळांचा नुसता सडा पडलाय. रोज पिशवी भरून हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नेते, तर तिथे आधीच दुसऱ्या कुणाची तरी पिशवी ठेवलेली असते. सांगलीत आता उन्हाने जीव नकोसा झाला असेल.

हाताने लिहिलेलं पत्र बघून नवल वाटेल तुला. फोनवर मी बोलायला लागले की तू "बरं" म्हणतेस, मग ईशाचा क्लास निघतो, मग तू ठेवतेस. दोष देत नाही. पत्र मध्येच बाजूला ठेवलंस तरी पुन्हा उचलता येतं, म्हणून पत्र.

विवेक बरा आहे. तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. गेल्या वर्षी त्याला नवा पाय मिळाला. गुडघ्याचा सांधा चांगला आहे. सपाटीवर चालताना नवख्या माणसाला कळतही नाही. चढ-उतार मात्र अजून जमत नाही, आणि मांडीला घट्टे पडतात ते पडतातच.

आणि तो शिकारीला जायला लागलाय. हसशील तू. आपल्या घरात रविवारचं मटण कधी चुकलं नाही, पण इस्लामपूरच्या मास्तरांचा हा मुलगा कोंबडी कापायची वेळ आली की मागच्या दाराने पळायचा, हे दादाच सगळ्यांना सांगायचा. आता तो हरणं मारायला निघाला. त्याच्या संशोधन संस्थेत हेमी म्हणून एक माओरी सहकारी आहे, पन्नाशीचा, कमी बोलणारा. दुपारच्या डब्याच्या वेळी दोघं शेजारी बसतात. तोच त्याला पहिल्यांदा नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेला. तिथे बसून नेम धरायचा असतो. विवेक घरी येऊन म्हणाला, तिथे सगळेच बसलेले असतात, मला कुणी खुर्ची आणून देत नाही.

बंदुकीच्या परवान्यासाठी इथे बायकोलाही वेगळं बसवून विचारतात. एक वयस्कर बाई घरी आली. घरात बंदूक असली तर भीती वाटेल का, म्हणाली. मी नाही म्हणाले. त्याला झोप लागते का, म्हणाली. मी खरं ते सांगितलं, की झोपेत ओरडतो. काय ओरडतो, असं तिने विचारलं. शब्द नसतात, मी म्हणाले, नुसता आवाज असतो. तिने ते लिहून घेतलं आणि चहा संपवून गेली. परवाना मिळाला.

तो आवाज तू कधी ऐकलेला नाहीस. भूकंपानंतर तू ईशाला घेऊन सांगलीला परत गेलीस, त्यानंतर तो सुरू झाला. क्राइस्टचर्च सोडून आम्ही इथे आलो तेव्हा वाटलं होतं, जमीन हलायची थांबली की तोही थांबेल.

मार्चच्या शेवटी हेमीने आम्हां दोघांना त्याच्या मामाच्या शेतावर नेलं. पोहांगिनाच्या खोऱ्यात, रुआहिनी डोंगरांच्या पायथ्याशी. त्या दिवशी बंदूक न्यायची नव्हती, नुसतं ऐकायचं होतं. शरद ऋतूत हरणांचे नर माद्यांसाठी ओरडतात, त्याला इथले लोक रोअर म्हणतात. मला वाटलं होतं, वाघासारखी डरकाळी असेल. आम्ही कुंपणाशी उभे होतो, धुकं होतं, आणि पलीकडच्या रानातून तो आवाज आला. कोरड्या विहिरीच्या तळातून कुणीतरी सगळा जोर लावून कण्हावं तसा. ओढलेला, आणि शेवटी तुटणारा.

मी कुंपणापासून मागे सरले, वहिनी. कारण तो आवाज माझ्या ओळखीचा होता. सात वर्षं मी तो माझ्या अंथरुणात ऐकत होते.

मी विवेककडे बघितलं. तो कुंपणाची तार धरून उभा होता आणि त्याचा चेहरा ओला होता. धुक्याने असेल म्हणून मी काही विचारलं नाही. आमच्या घरात न विचारण्याची सवय झालीय. हॉस्पिटलमध्ये तू त्याला विचारलं होतंस, दादा कसा गेला. तो म्हणाला, पहिल्याच धक्क्यात, त्याला कळलंही नाही. तू पुन्हा विचारलंस. त्याने पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारून तू त्याच्या तोंडाकडे नुसती बघत राहिलीस आणि उठून गेलीस. त्यानंतर तू त्याच्याशी बोललेली नाहीस. मला तुझा राग यायचा. म्हणायचे, एक पाय गेलेल्या माणसाला ही असं का वागवते.

आता दोन आठवड्यांपूर्वीचं सांगते.

शनिवारी सकाळी हेमीने शेतावरच्या उघड्या गाडीतून आम्हांला एका टेकाडावर नेऊन सोडलं. विवेकला बसायला घडीचं स्टूल, पुढे बंदूक टेकवायला तिवई, माझ्या गळ्यात दुर्बीण. मी त्याच्याबरोबर हवीच होते, कारण चढावर त्याला आधार लागतो. हेमीने मला एकच गोष्ट बजावून सांगितली. नाकापासून शेपटीपर्यंत अख्खं जनावर दिसल्याशिवाय "दिसलं" म्हणायचं नाही. मग वॉकीटॉकी आमच्या हातात देऊन तो ओढ्यापलीकडच्या सोंडेवर गेला, तिथून नराला आवाज देऊन बाहेर काढायला.

बराच वेळ काही नाही. मानुकाच्या झुडपांत वारा, आणि थर्मासमधला चहा. विवेक शांत होता. मला तर बरंही वाटलं. किती दिवसांनी आम्ही दोघं असे शेजारी बसलो होतो.

मग तो नर समोरच्या उतारावर आला. तांबूस, मानेवर दाट केस, शिंगांत नेचे अडकलेले. मी म्हणाले, "दिसतोय. पूर्ण दिसतोय." विवेकने गोळी झाडली.

गोळी लागली, पण मागे लागली. त्याचे मागचे पाय बसले, पुढच्या दोन पायांवर तो फिरला आणि घसरत खालच्या घळीत गेला. आम्हांला दिसेनासा झाला. आणि मग तो कण्हायला लागला.

मी हेमीला कळवलं. तो म्हणाला, मी येतोय, पण ओढा ओलांडून वेळ लागेल, तुम्ही तिथेच थांबा. मी विवेकला सांगितलं, थांबू या. खालून आवाज येतच होता.

"मी जातो," विवेक म्हणाला.

उतार बघितला असतास तर तूही नको म्हणाली असतीस. ओला, नेच्यांनी भरलेला, धड पायांनीही उतरायला भीती वाटावी असा. मी जाते म्हणाले, तर म्हणाला, तू जाऊन काय करणार. खरंच होतं, मी कधी बंदूक चालवलेली नाही. त्याने ती रिकामी करून माझ्या हातात दिली, गोळ्या खिशात टाकल्या आणि खाली बसून, ढुंगणावर घसरत उतरायला लागला. अर्ध्यावर त्याचा कृत्रिम पाय मुळांत अडकला आणि पिळवटला. त्याने ओढून बघितलं. मग पट्टे सोडून पाय काढला आणि मागे माझ्याकडे दिला. एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात नवऱ्याचा पाय, अशी मी त्याच्या मागून उतरत होते. तो दोन्ही कोपरांवर रांगत होता आणि बोलत होता. मला वाटलं मला काहीतरी सांगतोय. जवळ गेले तेव्हा ऐकू आलं.

"आलो रे. आलो. जागा राहा. झोपू नको, मी आलो."

हरणाशी मराठीत बोलत होता, वहिनी. ज्याला मारायला निघालाय त्यालाच जागा राहा म्हणत होता.

तो पोचला. नराने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. विवेकने मागे हात केला, मी बंदूक दिली. त्याने खिशातली गोळी भरून जवळून झाडली आणि आवाज थांबला. त्यानंतर तो त्या मानेवर हात ठेवून चिखलात पडून राहिला. मग दादाचं कॉलेजातलं नाव घेऊन म्हणाला, "धैर्या जिवंत होता, मृदुला."

त्याने सांगितलं ते मी लिहिते. इथपर्यंत आलीस तर पुढचंही वाच.

भूकंपात त्यांच्या ऑफिसची इमारत कोसळल्यावर दोघं एकाच अंधारात होते. मध्ये काँक्रीटचा एक मोठा तुकडा होता, हात पोचत नव्हता, आवाज पोचत होता. दादा सुरुवातीला बोलत होता. ईशाला आणायला कोण जाईल, हेच विचारत होता. रिकार्टनमधली तिची बालवाडी लवकर सुटायची आणि तो दिवस त्याच्या पाळीचा होता. विवेक सांगायचा, दीप्ती जाईल, मृदुला जाईल. थोड्या वेळाने तो पुन्हा तेच विचारायचा. पुढे शब्द गेले. नुसता आवाज उरला. तू ओळखला असशील, कुठला आवाज ते. विवेकचा स्वतःचा पाय चिरडलेला, वर माणसांची चाहूल नाही, आणि तो आवाज थांबत नव्हता.

"मला सहन होईना," तो म्हणाला. "त्याला बरं वाटावं म्हणून नव्हे, मला सहन होईना म्हणून मी म्हणालो, मी जातो, मी आणतो ईशाला. तू झोप आता. आणि तो झोपला."

त्यानंतर कुणी तरी वरून ठोकलं, शांत राहा, कोण जिवंत आहे ते सांगा, म्हणून इंग्रजीत ओरडलं. विवेक म्हणाला, मी दोघं म्हणालो. पण तेव्हा एकच होता.

शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं काय विचारलं होतं, आठवतं? "ईशाला आणलं का?" आपण म्हटलं, औषधाच्या गुंगीत आहे. तू तर चालत जाऊन तिला केव्हाच आणलं होतंस, बालवाडीच्या मैदानात बाईंच्या मांडीवर बिस्किट खात बसली होती.

मला तुझ्याशी खोटं बोलायचं नाही. हे ऐकून मला त्याची कीव आली नाही. मी त्याचा पाय हातात धरून उभी होते आणि मनात आलं, हा पाय घेऊन वर निघून जावं. राहू दे याला इथेच. दादा माझा होता. त्याचा शेवटचा आवाज सात वर्षं माझ्या उशाशी होता, आणि मी काय करायचे, तर विवेकच्या पाठीवर थोपटून म्हणायचे, झोप, झोप.

तेवढ्यात हेमी आला. त्याने एकदा हरणाकडे बघितलं, एकदा आमच्याकडे, आणि खाली बसला. हरणाच्या कपाळावर हात ठेवून त्याच्या भाषेत हळू आवाजात काहीतरी म्हणाला. मग मला म्हणाला, "पाय दे त्याला." मी दिला. विवेकने तो बांधला आणि आम्ही दोघांनी त्याला मध्ये घेऊन वर चढवलं.

मांस आम्ही घेतलं नाही. पहिलं जनावर स्वतः ठेवायचं नाही, अशी हेमीच्या घरची रीतच आहे. त्याच्या गावच्या म्हाताऱ्या माणसांना ते वाटून टाकलं.

घरी आल्यावर आठवडाभर मी त्याच्याशी बोलले नाही. तू कशी सात वर्षं राहिलीस, ते तेव्हा कळलं. तुला आधीपासून ठाऊक होतं, हो ना? दादा कसा गेला ते नसेल, पण विवेक खोटं सांगतोय हे तुला कळलं होतं. खोट्याच्या घरात तुला राहता येईना, म्हणून तू गेलीस. आणि आम्ही सगळे म्हणालो, दीप्ती किती कठोर आहे.

आवाज थांबला असं लिहायला मला आवडलं असतं. थांबलेला नाही. फरक इतकाच, की आता मी थोपटत नाही. त्याला उठवते. दिवा लावून बसतो आम्ही, आणि तो दादाविषयी बोलतो. कॉलेजचं, कृष्णेत पोहायला जायचे ते, काहीही. मी ऐकते. कधी राग येतो, कधी येत नाही.

विवेकला डिसेंबरात सांगलीला यायचंय. तुझ्यासमोर बसायचंय. माफी मागायला नाही, तू जे विचारशील त्याचं उत्तर द्यायला. ईशाला किती सांगायचं, सांगायचं की नाही, ते तू ठरव. येऊ नको म्हणालीस तर येणार नाही आणि मी पुन्हा विषय काढणार नाही.

मी हे लिहितेय हे त्याला माहीत आहे. वाचायला मागितलं नाही. मघाशी दारात येऊन एवढंच म्हणाला, "मला सहन होईना म्हणून म्हणालो, हे लिहिलंस का?"

मी म्हणाले, लिहिलं.

विवेकची बायको, आणि तुझी नणंद,
मृदुला