भट्टी उघडताना बोलणारा पक्षी

दि. २ नोव्हेंबर

चि. बाबूस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वहिनीची दाढ दुखायची थांबली हे वाचून बरं वाटलं. इकडे आम्ही दोघं ठीक. तुझे भावोजी निवृत्तीनंतर दुपारी निवांत झोपणार होते, पण खालच्या शेडमधून दिवसभर माझ्या शिट्ट्यांचा फुसफुसाट चालतो. आमच्याकडे साप पाळलाय, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला गंभीर चेहऱ्याने सांगतात.

आता मुद्द्याचं. थंडीचे पाहुणे पक्षी खाडीवर उतरू लागलेत. ते बघायला लोक येतात, म्हणून जानेवारीत बंदराच्या सभागृहात प्रदर्शन ठेवलंय. होड्यांवर रंगवायची चित्रं, दोरांच्या चटया, शिंपल्यांची कामं, आणि एक टेबल अप्पांच्या मातीच्या पक्ष्यांसाठी. अप्पांना जाऊन इतकी वर्षं झाली तरी लोक अजून त्यांची टिटवी मागतात. पक्षी हातात घ्यायचा, शेपटीतून फुंकायचं, की ज्याचं रूप त्याचाच आवाज. मी हो म्हणून बसले आहे. रूप मला जमतं. आवाजाच्या नावाने शंख आहे.

अप्पांनी शिट्ट्या करायला घेतल्या त्या मी लग्न होऊन गेल्यावर. शिकलास तू, आणि मातीच्या धुळीने तुझी छाती भरायला लागली म्हणून त्यांनीच तुला वाद्यं दुरुस्त करायला शहरात धाडलं. मी एकदा माहेरपणात हौसेने एक शिट्टी केली होती. अप्पांनी ती ओलीच फुंकून पाहिली, हसले, आणि म्हणाले की पोरी, तुझ्या हाताला डोळे आहेत, कान नाहीत. ते गमतीने म्हणाले, पण माझ्या मनात ते घर करून राहिलंय. आता बदल्यांची नोकरी संपवून आम्ही इथे परत आलोय, शेड रिकामी आहे, आणि मला बघायचंय की ते खरं होतं का. जमलं नाही तर शेजारचे इंजिनवाले शेड मागतायत, त्यांना होड्यांची इंजिनं ठेवायला जागा हवी आहे. प्रदर्शनापर्यंत थांबा, असं मी त्यांना सांगितलंय. पक्षी बोलले नाहीत तर किल्ली त्यांची.

तू शेडमध्ये पाऊल टाकू शकत नाहीस हे माहीत आहे. पण पत्रातून शिकवायला धूळ आड येत नाही. काय चुकतं ते सांग.

आणि एक गंमत. परवा भट्टीच्या तोंडाच्या विटा काढत होते तेव्हा बाहेर एक पक्षी बोलला. तीन सूर. असा पक्षी मी इथे कधी ऐकला नव्हता. तुझ्या ओळखीचा असेल तर कळव.

लोभ आहेच, पत्राला मात्र उशीर नको.

तुझी अक्का

⁂

दि. १० नोव्हेंबर

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

साप म्हणजे चांगलं लक्षण आहे. फुसफुस होते म्हणजे वारा आत जातोय, फक्त धारेवर आपटत नाही. शेपटीतून बांबूची पात घालून तू जी चीर करतेस, तिच्यातून समोर बघ. पोटाच्या भोकाची पलीकडची कड चिरेच्या बरोबर मधोमध दिसली पाहिजे. ती वर किंवा खाली गेली की पक्षी दम्याचा रुग्ण होतो, तुझ्या भावासारखा. कड बोथट ठेवू नकोस, नखासारखी पातळ कर. आणि पोकळीत मातीचा एक कणही राहू देऊ नकोस.

आवाज कसा येतो ते लिहीत जा, पण साप, किटली असलं नको. कशाच्या जवळ आहे ते सांग. मी इथे दुकानात एखाद्या बासरीवर किंवा अकॉर्डियनवर तो शोधेन आणि भोक मोठं करायचं की लहान ते कळवेन. दुकानात आलेले लोक मला टिटवीसारखं ओरडताना बघतात. तुझी वहिनी म्हणते, गिऱ्हाईक पळालं तर अक्कांना पत्र मी लिहीन.

तीन सुरांचा पक्षी कुठला, हे असं कळणार नाही. चढते की उतरते? लांबट की तुटक? दुर्बीणवाल्यांना विचार. ते जहाजं बंदरात आणायचे तेव्हासुद्धा जहाजाकडे कमी आणि बगळ्यांकडे जास्त बघायचे. त्यांना माहीत नाही असा पक्षी त्या खाडीवर उतरायची हिंमत करणार नाही.

भावोजींना नमस्कार. कानात घालायला कापूस पाठवू का, विचार.

तुझा,
बाबू

⁂

दि. २६ नोव्हेंबर

चि. बाबूस,
अ. आ. वि. वि.

टिटवी बोलली. तू सांगितल्याप्रमाणे चिरेतून बघितलं तर कड पार छपराला लागलेली होती. ती खाली घेतली, पुन्हा पातळ केली, फुंकलं, आणि मीच दचकले. भावोजी वरून धावत आले आणि म्हणाले की साप गेला वाटतं. खंड्या अजून किरकिरतो. लांब वाकड्या चोचीचा कोरल चढताना मध्येच दम सोडतो. पण ही सगळी ओली माती आहे. भाजून निघाल्यावर कोण बोलेल ते बाहेर आल्यावरच कळेल.

आता त्या पक्ष्याचं ऐक. सूर असे आहेत: एक खालचा, मग एकदम वरचा, मग परत खालचा, पण हा शेवटचा लांबवलेला, एखाद्याने हाक मारून उत्तराची वाट बघावी तसा. दुर्बीणवाल्यांना गाऊन दाखवला. त्यांनी तो माझ्याकडून आणखी दोनदा गाऊन घेतला. मग म्हणाले की असा पक्षी नाही. मी म्हटलं, मी ऐकलाय. ते म्हणाले, मग तो आता असायलाच हवा. त्यांचा चेहरा जत्रेला निघालेल्या पोरासारखा झाला होता.

ओहोटीला आम्ही तिघं चिखलाच्या कडेला जाऊन बसलो. बाबू, इतकी वर्षं गावोगाव फिरले, पण असं बसून बघितलंच नव्हतं. पाणी मागे सरतं तसा सगळा चिखल हलायला लागतो. इवले चिखल्या पक्षी धावतात, थबकतात, पुन्हा धावतात. कोरल आपली लांब चोच डोळ्यांपर्यंत खुपसतो आणि अंगठीएवढा खेकडा काढतो. सुरय पाण्यावर उलटा पडतो आणि मासा घेऊन उठतो. दुर्बीणवाले एकेकाचा आवाज ओळखून सांगत होते, मी बोटांनी मापं धरत होते. भावोजी झोपले होते.

आमचा पक्षी मात्र आला नाही. आला तेव्हा पाठीमागून आला, म्हणजे वस्तीतून. आम्ही वळेपर्यंत गप्प. दोनदा तसंच झालं. दुर्बीणवाल्यांचं मत असं पडलं की तो लाजाळू आहे आणि आम्ही बसलो की मागे सरकतो. मी त्याच्यासाठी एक शिट्टी करायला घेतली आहे. रूप माहीत नाही, म्हणून पंख मिटलेला, कुणाचाच नाही असा पक्षी केलाय. हे काम उलटं वाटतं. नेहमी पक्षी बघते आणि आवाज शोधते, या वेळी आवाज हातात आहे आणि पक्षी सापडत नाही.

तब्येतीला जप. माया कमी करू नकोस, कोरलाचं भोक मोठं करू की लहान ते कळव.

तुझी अक्का

⁂

दि. ३ डिसेंबर

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितो. कोरलाचं पोट मोठं कर, भोक नको. लांब चोचीच्या पक्ष्याला दमही लांब लागतो. तुझा तीन सुरांचा पक्षी मी अकॉर्डियनवर वाजवून पाहिला. काहीतरी आठवतं आणि निसटतं. कागदावरून सूर ऐकणं म्हणजे पाकिटावरून वास घेणं. शिट्टी भाजली की पाठव.

तुझा,
बाबू

⁂

दि. १२ डिसेंबर

चि. बाबूस,
अ. आ. वि. वि.

काल भट्टी उघडली. मन लागत नाही, तरी लिहिते. निम्म्याहून अधिक पक्षी मुके निघाले. ओले असताना गाणारे, भाजून आले ते दगड होऊन. टिटवी तेवढी बोलते, आणि दोन-चार चिल्लर. कोरल गेला. खंड्या गेला. एकेक उचलून फुंकत होते आणि भावोजी दारात उभे होते. ते काही बोलले नाहीत. त्यांचं गप्प बसणं मला जास्त लागलं.

अप्पा बरोबरच होते असं दिसतं. आयुष्यभर मी डोळ्यांवर निभावलं, आता कान कुठून आणू? प्रदर्शनाआधी एक भट्टी लावता येईल, पण तेच पुन्हा करून तेच पुन्हा बघायचं बळ राहिलेलं नाही. इंजिनवाल्यांना या आठवड्यात किल्ली देऊन टाकीन म्हणते.

त्यात तो पक्षीही सापडला, आणि तिथेही फजिती. विटा काढताना तो बोलला तशी मी बाहेर धावले. धुराड्यावर एक साळुंकी बसली होती. आपली रोजची, पिवळ्या पायांची, उष्ट्यावर भांडणारी साळुंकी. माझ्या डोळ्यांदेखत तिने मान फुगवली आणि तीन सूर काढले. दुर्बीणवाल्यांना सांगितलं तर ते आधी हिरमुसले, मग हसत सुटले. आम्ही तिच्याकडे पाठ करून चिखलात बसलो होतो आणि ती आमच्या मागे घराच्या पाख्यावर होती. ते म्हणाले की साळुंकीला स्वतःचं असं थोडंच असतं. ती दुसऱ्याचं उचलते, तिची पिल्लं तिच्याकडून उचलतात, आणि पहिला मालक निघून गेला तरी आवाज फिरत राहतो. शिट्ट्या करणाऱ्यांची सवय, प्रत्येक आवाजाला एक पक्षी असणारच, म्हणून मी मालक शोधत बसले.

पण मग हा उचलला कुणाचा? तेवढं कुतूहल अजून जात नाही. ती शिट्टी भट्टीतून धड निघाली. भावोजींच्या जुन्या मफलरात गुंडाळून पाठवतेय. पाठीवरचं भोक आधी बंद, मग उघडं, मग परत बंद धरून श्वास संपेपर्यंत. तुझ्या कानाला काय वाटतं ते सांग. मफलर परत पाठव, ते विचारतायत.

तुझी,
अक्का

⁂

दि. १९ डिसेंबर

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

किल्ली दिली असशील तर पत्र अर्धवट टाक आणि आधी जाऊन परत घेऊन ये. मग पुढचं वाच.

पार्सल दुकानात उघडलं. गिऱ्हाईक समोर होतं. तू लिहिलंस तसं बोट धरलं आणि फुंकलं. शेवटचा सूर संपायच्या आत तुझी वहिनी आतून हातातलं भांडं घेऊन बाहेर आली आणि तिने विचारलं की अप्पांची शिट्टी कुठे सापडली. मी शिट्टी छातीशी धरून स्टुलावर बसलो. गिऱ्हाईकाला वाटलं मला दम लागला, ते पाणी शोधायला लागलं.

अक्का, तो अप्पांचा आवाज आहे. भट्टी उघडली की पहिली शिट्टी ते पंच्यात धरून बाहेर यायचे, गरम असतानाच, आणि दारात उभं राहून तीन सूर फुंकायचे. खाली, वर, आणि मग खालचा लांबवलेला. तो निरोप आईला होता, स्वयंपाकघरात. भट्टी साधली, चहा टाक. सूर आले नाहीत तर तिनेही काही विचारायचं नाही, असं ठरलेलं होतं. दर भट्टीला हे चालायचं आणि धुराड्यावर साळुंक्या बसलेल्या असायच्याच, उबेला. एरवीही कधीमधी काढत असतील, पण विटा निघताना दिसल्या की त्यांना ते हमखास सुचतं. अप्पा गेले, आई गेली, साळुंक्यांनी ठेवलंय.

तुला हे माहीत नव्हतं यात नवल नाही. तू माहेरी येणार असं कळलं की अप्पा भट्टी विझवून ठेवायचे. पोरगी आली आहे, तिला धूर नको, म्हणायचे, आणि तुला घेऊन खाडीवर जायचे. शिट्ट्यांची भट्टी उघडताना तू त्या घरात कधी नव्हतीसच.

आता विचार कर. तू तो सूर अप्पांकडून कधी ऐकला नाहीस. पाखराच्या तोंडून ऐकलास, मातीत उतरवलास, आणि तुझ्या वहिनीला त्यात सासरे ऐकू आले. मी त्यांच्या हाताखाली शिकलो, मला हे साधलं नसतं. तुझ्या हाताला कान नाहीत असं पुन्हा लिहिलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

मुक्यांचं कारण साधं आहे आणि ते मीच सांगायला विसरलो. माती भाजताना आकसते आणि चीर मिटते. पात थोडी जाड घे. मुके अप्पांचेही निघायचे, पुष्कळ निघायचे. ते मागच्या कुंपणापाशी खड्ड्यात पुरायचे, कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून. खणून बघ.

मफलर पाठवतोय. शिट्टी ठेवून घेतोय.

तुझा,
बाबू

⁂

दि. ९ जानेवारी

चि. बाबूस,
अ. आ. वि. वि.

किल्ली दिली नव्हती. इंजिनवाले येऊन गेले होते, पण तेव्हा मी फिरायला गेले होते आणि किल्ली भावोजींकडे होती. त्यांनी ती सापडत नाही असं सांगितलं. ती त्यांच्या खिशात होती. मला हे त्यांनी तुझं पत्र वाचल्यावर सांगितलं.

तुझं पत्र मी शेडच्या उंबऱ्यावर बसून वाचलं आणि मनसोक्त रडले. मग फावडं घेतलं. कुंपणापाशी हातभर खणलं आणि टिटव्या निघायला लागल्या. सुरय, कोरल, एकावर एक, सगळे मुके. काही इतके बिघडलेले की माझे बरे. अप्पांचे चुकलेले पक्षी हातात घेऊन मला जितकं शिकल्यासारखं वाटलं, तितकं ते समोर बसून शिकवते तरी वाटलं नसतं. त्यातले काही धुऊन मी प्रदर्शनात मांडणार आहे, बोलणाऱ्यांच्या शेजारीच. दुर्बीणवाले प्रत्येकाखाली पक्ष्याचं नाव लिहून देणार आहेत.

पात जाड घेतली. आज सकाळी भट्टी उघडली. वरचाच कोरल काढला, पदरात धरला, चटका बसत होता. दारात आले आणि फुंकला. बोलला, बाबू. मग त्याच्यावरच ते तीन सूर काढले, खाली, वर, आणि खालचा लांबवून. धुराड्यावरून साळुंकीने लगेच तेच तिन्ही सूर परत केले.

मी तशीच उभी राहिले. वरून कपबशांचा आवाज आला. भावोजींनी चहा टाकला होता.

प्रदर्शन पुढच्या रविवारी आहे. टेबल मी बाहेर ओसरीत मागून घेतलंय, तिथे मातीची धूळ नसते. दोघं या. शिट्टी बरोबर आण, साळुंकीला ऐकवायची आहे.

आमचा जीव तुमच्यात आहे, तुमचा इकडे असू द्या.

तुझी,
अक्का