चढावरची गोष्ट

ताई,

सकाळपासून तुला फोन करायची हिंमत झाली नाही, म्हणून लिहितोय. हेही तुझ्या हाती देववेल असं वाटत नाही.

गाव बघायला आलेल्या सायकलवरच्या पाहुण्यांना घेऊन वेशीबाहेरचा चढ चढलं की सगळ्यांना धाप लागते. दम खाईपर्यंत त्यांना काहीतरी सांगावं लागतं. तट आणि बुरूज मागे राहिलेले असतात, समोर फक्त तुझं घर. म्हणून मी गोष्ट रचली. फार पूर्वी इथल्या एका मुलीशी लग्न ठरलेला शिपाई लढाईवर गेला तो परतलाच नाही, आणि ती जन्मभर या खिडकीत बसून राहिली. लोक डोळे पुसतात.

तुझा तो लढाईवर नाही, नोकरीसाठी गेला होता, ते मी बदललं. त्याचा स्वेटर तू दर हिवाळ्याआधी उन्हात घालतेस ना, गोष्टीत त्याचा शेला केला.

एरवी तू त्या वेळी कामावर असतेस. आज पाण्याचा जग घेऊन बाहेर आलीस. मध्येच थांबलो असतो तर पाहुण्यांना संशय आला असता, म्हणून गोष्ट तशीच रेटली. एकेकाची बाटली भरत तू शेवटपर्यंत ऐकलीस. माझी भरताना हळूच विचारलंस, "मग पुढे काय झालं तिचं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणालो, "पुढे उतार आहे. ब्रेक तपासून घ्या."

बाटली अजून भरलेलीच आहे, ताई.

तुझा,
धाकटा