तोंड नसलेली पाहुणी

लोणावळा,
शनिवार, १४ सप्टेंबर १९७४

प्रिय सीताराम,

शाळेमागच्या पपनसावर परवा सकाळी ती दिसली. कोशातून नुकतीच बाहेर पडलेली पतंगाची मादी, ताटलीएवढी, पंखांच्या टोकांना सापाची तोंडं. मुली किंचाळत पळाल्या. मी मात्र खुर्ची नेऊन तिच्यासमोर तासभर बसले. तिला पाहून सतरा वर्षांनी तुझी आठवण आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. तुझी आठवण मी रोज काढते, आणि दात-ओठ खाऊन काढते.

तेव्हा आम्ही रेल्वेच्या चाळीत राहायचो आणि आई तुझ्या मावशीच्या बंगल्यावर भांडी घासायची. आम्ही बौद्ध झालो त्याला वर्ष होत आलं होतं. गणपतीच्या सुट्टीत पुण्याहून आलेला तू आमच्या कुंपणावरचा असाच पतंग बघायला आलास आणि आईने दिलेलं गूळपाणी घटाघटा प्यायलास. बंगल्यावरचं कुणी आमच्या घरचं पाणी पितं, हे आईने जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मी त्या पाण्यालाच भाळले. अठरावं लागलं होतं मला.

पिंजरा तू आणलास, पण नऊ दिवस त्याच्याजवळ बसले मी. जाळीला बाहेरून नर कधी येऊन चिकटले, अंडी कधी आणि किती घातली, सगळं माझ्या वहीत, माझ्या अक्षरात. आई रोज संध्याकाळी त्या मादीपुढे गूळपाण्याची वाटी ठेवायची. मी हसले तर म्हणाली, "दारात आली ती पाव्हणीच की गं. उपाशी कशी ठिवायची?" सकाळी वाटी रिकामी दिसायची, तेही मी लिहून ठेवलं. वही घेऊन तू पुण्याला गेलास. दिवाळीत येऊन आईशी आपल्या लग्नाचं बोलतो म्हणालास.

तू गेल्यावर दोन दिवसांनी ती मादी मेली. तू विसरलेलं भिंग लावून मी तिला नीट पाहिलं, तर तिला तोंडच नव्हतं. अळी असताना जे खाल्लं त्यावरच ती जगते. मग वाटीचं काय, म्हणून आईला विचारलं. "आगं, ती मी कोंबड्यास्नी पाजत व्हते. येवढा गूळ वाया कसा घालवू?" हे तुला मी लगेच कळवलं, एकदा नाही, दोनदा. उत्तर आलं नाही. दिवाळीही गेली. पुढे वाचनालयात एका मासिकात तुझा लेख सापडला, गूळपाणी पिणाऱ्या महापतंगाचा. वाक्यं माझी, जशीच्या तशी. खाली आभार: पिंजरा झाडण्याचे काम मोलकरणीच्या मुलीने केले. आईने तो लेख मला मोठ्याने वाचायला लावला. तेवढी ओळ मी गाळली.

त्या गूळपाण्यावर तू मोठा झालास. पुस्तक निघालं, गावोगाव व्याख्यानं झाली, आणि प्रत्येक ठिकाणी तुझी ती मादी वाटीत तोंड घालून पाणी पिते. माझी पत्रं फोडली असतीस तर वाचला असतास.

उद्या सकाळी तुझं व्याख्यान आमच्या शाळेत आहे. निमंत्रणावर मुख्याध्यापिकेची सही आहे ती माझी. लग्नानंतरचं नाव तू कुठून ओळखणार? टेबलावर पिंजऱ्यात ही मादी असेल, समोर गावातली मंडळी, पुण्याचे दोन वार्ताहर, आणि पहिल्या रांगेत भिंगं घेतलेल्या माझ्या वीस मुली. तू तिचं पाणी पिणं रंगवून सांगशील. मग एक मुलगी उठेल आणि मी शिकवलंय तसं अगदी नम्रपणे विचारेल, की सर, हिचं तोंड दाखवता का. मी मध्ये पडणार नाही. तुझी बोबडी वळली की उठून वही कुणाची होती तेवढं सांगेन. माझी माफी मागायला येऊ नकोस, मला ती नको आहे. हे पत्र आज टपालात टाकते आहे, म्हणजे तुला मंगळवारी मिळेल. सावध करणारी दोन पत्रं मी तुला तेव्हाच लिहिली होती. हे तिसरं फक्त एवढ्यासाठी, की रविवारी तुझं जे झालं ते कुणी केलं, हे तुला कळावं. हे तरी फोड.

तुझीच, एकेकाळची,
भागू