पट्टा वायसरने तुटला

दादा,

व्हॅनचा फॅनबेल्ट आज पुन्हा तुटला आणि या वेळी गाडी तू चालवत होतास. “ही पोरगी गाडी रेमटवते” म्हणून आईपुढे आता कुणाच्या नावानं बोंब मारणार?

तुझा डोळा लागल्यावर मी बॉनेट उघडून पुल्यांना फूटपट्टी लावून बघितली. अल्टरनेटरची पुली बाकीच्यांच्या रेषेबाहेर आली आहे. खडखड थांबावी म्हणून तूच तिच्यामागे वायसर कोंबलास आणि वर आठवडाभर मिरवलंस. पट्टा तिरका घासला की तुटणारच.

वायसर काढून तुझ्या कपाखाली ठेवलाय. नवा पट्टा घाल, आता टिकेल. मी बसने कामाला जातेय.

आईला मात्र तूच सांग. मी सांगितलेली तुझी चूक तिला आजवर कधी ऐकूच आलेली नाही.